हीथवरची गुरं कशी बघायची: इंग्लंडमधल्या नव्या व्हॉलंटिअरसाठी, पहिल्या फेरीपासून रिपोर्टपर्यंत

दर रविवारी सकाळी सातच्या सुमारास मी घरातून निघते, वीस मिनिटं गाडी चालवून सरेमधल्या एका हीथवर, म्हणजे इथल्या माळरानावर, जाते, तिथं अकरा गाई चरतात त्या मोजते, प्रत्येकीकडे नीट बघते, फोनवरून रिपोर्ट टाकते आणि दहापर्यंत घरी परत. पाच वर्षं झाली आता. एवढ्यात वोकिंगमधल्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी दोघीतिघींनी विचारलं की आम्हालाही यायचंय पण आम्ही गुरांच्या जवळ कधी गेलोच नाही, जमेल का, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय. जमतं. शेतकरी घरातलं असायची गरज नाही, सकाळी उठायची तयारी आणि दोनेक तास शांतपणे बघत राहायची तयारी हवी.

या कामाचं मूळ एकाच गोष्टीत आहे. आजारी गाय ओळखायला शिकण्याआधी बरी गाय कशी दिसते ते डोळ्यांत बसवायचं. माझे आजोबा सांगोल्याकडचे, घरी खिल्लार होती. संध्याकाळी ते दावणीपुढं नुसते उभे राहायचे, पाच-सात मिनिटं, काही न बोलता, आणि मग एखाद्या दिवशी म्हणायचे, "आज पांढरी गप्पय." बाकी कुणाला काही दिसायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पांढरीनं वैरण सोडलेली असायची. त्यांना रोजची पांढरी पाठ होती, म्हणून बदललेली पांढरी लगेच कळायची. आपल्याला हेच करायचंय, फक्त आठवड्यातून एकदा.

पण गाई तिथं का सोडतात

हे समजून घ्या, कारण लोक तुम्हाला गेटवर विचारणारच. हीथला मराठीत नेमका शब्द नाही, सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं माळरान. निकस, वाळूची, आम्ल जमीन, मोठी झाडं जवळजवळ नाहीत, गुडघाभर उंचीचं हेदर, पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स, मध्ये मोकळी वाळू आणि ओलसर भागात मोलिनिया गवताचे ठोंब. ऑगस्टमध्ये हेदर फुललं की सगळं जांभळं. ही जमीन आपोआप अशी राहिलेली नाही. हजारो वर्षं लोकांनी इथं गुरं चारली, जळणाला गॉर्स तोडलं, गुरांखाली अंथरायला ब्रॅकन नेचं कापून नेलं, म्हणून ती उघडी राहिली. ते थांबलं आणि बर्च, पाइन उगवायला लागले, आणि पडीक म्हणून घरं, शेती, लागवडही झाली. १८०० पासून इंग्लंडमधलं ८० टक्क्यांहून जास्त लोलँड (सखल भागातलं) हीथ गेलं. तरीही जगातल्या अशा हीथचा साधारण पाचवा हिस्सा अजून ब्रिटनमध्ये आहे, म्हणजे इथलं गेलं की खरंच गेलं. आपल्याकडे माळरानाला पडीक म्हणून सोडून दिलं त्याची आठवण मला इथं दर वेळी येते.

डार्टफर्ड वॉर्बलर गॉर्समध्ये घरटं करतो, नाइटजार आफ्रिकेतून येऊन सरळ जमिनीवर अंडी घालतो, वुडलार्कचंही घरटं जमिनीवरच. सँड लिझर्डला अंडी घालायला उघडी वाळू लागते, सिल्व्हर स्टडेड ब्लू नावाच्या फुलपाखराला कोवळं हेदर लागतं. यंत्रानं कापलं तर सगळं एका उंचीचं होतं. गाय मात्र जिभेनं गवत वेढून उपटते, इथं खाल्लं तिथं सोडलं असं चालतं तिचं, मोलिनियाचे ठोंब कोवळे असतानाच खाते, चालताना ब्रॅकन तुडवते, बर्चची कोवळी पालवी ओरबाडते, खुरांनी वाळू उघडी करते. आणि शेण! हीथवरच्या शेणात शेणकिड्यांचं अख्खं जग असतं, त्यावर पक्षी आणि वटवाघळं जगतात. म्हणून निसर्ग राखणारी मंडळी जंताचं औषध सरसकट देत नाहीत, आधी शेण तपासून घेतात, कारण काही जंतनाशकं शेणातून बाहेर पडून किड्यांनाही मारतात.

जाती बहुतेक काटक असतात, बेल्टेड गॅलोवे, हायलँड, डेक्स्टर, ब्रिटिश व्हाइट अशा. आमच्या बेल्टेड गॅलोवे आहेत, अंगानं काळ्या आणि पोटाभोवती रुंद पांढरा पट्टा, शिंगं नसतात. निकस चाऱ्यावर त्या तगतात, डेअरीची होल्स्टीन इथं महिनाभरात खंगेल.

नाव नोंदवल्यावर

तुमच्या भागातल्या वाइल्डलाइफ ट्रस्टकडे, काउन्सिलकडे किंवा नॅशनल ट्रस्टकडे चौकशी करा, कुठं स्टॉक चेकर म्हणतात, कुठं लुकर. लुकर हा जुना शब्द आहे, केंटच्या रॉमनी मार्शवर मेंढ्या राखणाऱ्या माणसाला लुकर म्हणायचे, त्यांच्या विटांच्या छोट्या खोपट्या अजून तिथं दिसतात. म्हणजे आपला गुराखीच की, फक्त हाकायचं काम सोडून राखायचं तेवढं. ट्रेनिंग साधारण अर्ध्या दिवसाचं असतं, त्यानंतर जुन्या माणसाबरोबर दोनतीन फेऱ्या, मग एकट्यानं. माझं मत विचाराल तर दोनतीनवर थांबू नका, चारपाच फेऱ्या मागा, कुणी नाही म्हणत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेवढं बघून घ्या.

कायद्यानं जबाबदारी गुरांच्या मालकाची असते. अॅनिमल वेल्फेअर अॅक्ट २००६ आहे, शिवाय २००७ च्या नियमांत असं आहे की ज्या जनावरांचं बरंवाईट माणसाच्या लक्ष देण्यावर अवलंबून आहे ती दिवसातून निदान एकदा नीट बघायची. हीथ मोठं, कर्मचारी मोजके, म्हणून रोटा असतो आणि आठवड्याचे सात दिवस सात माणसं वाटून घेतात. तुम्ही गेला नाहीत आणि कळवलंही नाहीत तर त्या दिवशी त्या गाईंकडे कुणीच बघितलेलं नसतं. जमणार नसेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, कुणीतरी स्लॉट घेतंच.

आदल्या रात्री

आधीच्या दोनतीन दिवसांचे रिपोर्ट वाचा. हे बरेच जण टाळतात आणि इथंच चूक होते. शुक्रवारच्या माणसानं "४१२ जरा मागे चालत होती" लिहिलंय आणि तुम्ही ते वाचलंच नाही, तर रविवारी ४१२ मागे दिसल्यावर तुम्हाला वाटणार की असेल तिची सवय. दोन दिवस मागे राहिली म्हणजे फोनच करायचा.

बॅगेत काय: पूर्ण चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक, दुर्बीण (साधी ८ बाय ४२ पुरे), छोटी वही आणि पेन्सिल, कारण पावसात पेन चालत नाही, पाणी, गोचीड काढायचा हुक, हातमोजे, शिटी. पँट लांब आणि मोज्यात खोचलेली. बूट घोट्याच्या वरपर्यंत. अंगावर फडफडणारं काही नको, माझा दुपट्टा मी गाडीतच ठेवते. आणि आपला कुत्रा घरी, कितीही गुणाचा असला तरी.

एकटं जाणार असाल तर कुणाला तरी आत गेल्याचा आणि बाहेर आल्याचा मेसेज करायचा, आणि बाहेर आल्याचा मेसेज ठरल्या वेळेला आला नाही तर त्या माणसानं काय करायचं हेही आधी ठरवून ठेवायचं. हीथवर मध्येच रेंज जाते, घोटा मुरगळून गॉर्समागे बसलात तर रस्त्यावरून कुणाला दिसत नाही.

गेटपासूनच काम सुरू

गाईंकडे धावत सुटू नका. गेट स्वतःच्या वजनानं बंद होतंय का, कडी बसतेय का, कॅटल ग्रिडमध्ये (गुरांनी ओलांडू नये म्हणून वाटेत बसवलेल्या नळ्यांच्या जाळीत) काही अडकलंय का, वाटेवरचं कुंपण कुठं वाकलंय का, वादळानंतर तारेवर झाड पडलंय का, हे जाताजाता बघायचं.

मग पाणी. मोठी गाय उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटरच्या वर सहज पिते, अकरा गाईंचा हिशोब तुम्हीच करा. हौदात नुसतं डोकावून पुढं जाऊ नका. बॉल व्हॉल्वचा फुगा हातानं खाली दाबा आणि पाणी खरंच येतंय ना ते ऐका. हौद भरलेला दिसतो पण व्हॉल्व अडकलेला असतो, आणि दुपारपर्यंत तळ दिसतो. हिरवं शेवाळ दाट झालं असेल, मेलेला पक्षी पडला असेल तर लिहा, पक्षी हातमोजा घालूनही उचलू नका, बर्ड फ्लूच्या काळात तो नियमच आहे, ऑफिसला कळवा आणि सांगतील तसं करा. हिवाळ्यात बर्फ फोडावा लागतो.

गाई शोधणं

बऱ्याच ठिकाणी आता गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात. नॉर्वेच्या नोफेन्स कंपनीचे पट्टे लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्येही गाईंना आहेत. अॅपमध्ये नकाशावर रेघ काढायची, गाय रेघेजवळ गेली की पट्टा सूर वाजवतो, चढत जाणारा, तरी ती पुढंच गेली तर बारीकसा विजेचा झटका. गाई लवकर शिकतात, सूर वाजला की वळतात. जुन्या कॉमन, म्हणजे सामाईक हक्काच्या, जमिनीवर तारेचं कुंपण घालायला कॉमन्स अॅक्ट २००६ खाली सरकारची परवानगी लागते आणि फिरायला येणाऱ्यांनाही तारा नको असतात, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते. पण अॅपवर अकरा ठिपके दिसले म्हणजे फेरी झाली असं धरू नका. ठिपक्याला डोळा सुजलेला कळत नाही, आणि पट्टा तुटून हेदरमध्ये पडला तरी ठिपका असतोच.

पट्टे नसतील तर हवा बघा. उकाडा आणि माश्या असतील तर गाई वारा लागेल अशा उंचवट्यावर किंवा झाडांच्या दाट सावलीत. गार पाऊस आणि वारा असेल तर बर्चच्या आडोशाला, वाऱ्याकडं पाठ करून. पहाटे आणि सकाळी चरतात, नऊ-दहाला बसून रवंथ करतात, म्हणून मी सातलाच निघते, कारण चालणारी गाय बघायला मिळते आणि लंगडणं बसलेल्या गाईत दिसत नाही. शेण बघा, चकचकीत ओलं आणि त्यावर माश्या नुकत्याच बसतायत म्हणजे ती जवळच आहे, वरून साय धरली असेल तर कालचं. आणि थांबून ऐका. गवत उपटल्याचा कर्रकर्र आवाज शांत सकाळी बऱ्याच लांबून येतो.

मोजणं

डावीकडून उजवीकडे मोजा, मग उजवीकडून डावीकडे, मग जागा बदलून तिसऱ्यांदा. तीनही आकडे जुळले पाहिजेत. गॉर्सच्या सावलीत काळी गाय दिसत नाही, बसलेलीची नुसती पाठ दिसते, दोन गाई एकामागे एक असल्या की एकच वाटते. नुसत्या संख्येवर भागवू नका, टॅगही वाचा. इथल्या गुरांच्या दोन्ही कानांत टॅग असतात, त्यावर यूके, मग कळपाचा ६ आकडी नंबर, मग १ तपासणीचा आकडा आणि शेवटी त्या गुराचा स्वतःचा ५ आकडी नंबर. आपण शेवटचे तीन आकडे वापरतो. दुर्बिणीतून वाचता येतात, त्यासाठी जवळ जायची गरज नसते.

मागच्या वर्षी जुलैत एका रविवारी माझा आकडा दहाच येत होता. तीनदा मोजलं, दहा. टॅग लावून बघितले तर २०७ नव्हती, चार वर्षांची, नेहमी कळपाच्या पुढं असणारी. अॅपवर तिचा ठिपका दीडशे मीटरवर बर्चच्या झुडपात. तिथं गेले तर ती उभी होती, मान खाली, डावा डोळा अर्धवट मिटलेला आणि डोळ्याखाली पाण्याची ओली रेघ थेट जबड्यापर्यंत. ऊन सहन होत नव्हतं म्हणून ती सावली धरून उभी राहिली होती. फोटो काढला, ड्यूटीवरच्या माणसाला फोन केला. न्यू फॉरेस्ट आय निघाला, जंतूंमुळे होणारा डोळ्याचा आजार, माश्या एकीकडून दुसरीकडे पसरवतात. त्याच दिवशी तिला पकडून औषध दिलं, आणि बाकीच्या दहांचे डोळे पुढचे दोन आठवडे सगळ्यांनी मुद्दाम बघितले, त्यात आणखी एक निघाली. २०७ चा डोळा वाचला. उशीर झाला असता तर बुबुळावर जखम होऊन दृष्टी गेली असती. त्या दिवसापासून मी कुठलीही गाय कळपापासून लांब एकटी दिसली की तिच्यासाठी वेगळी दहा मिनिटं ठेवते. गाय हा कळपाचा प्राणी आहे, ती उगाच एकटी राहत नाही. वासरू घालायची वेळ जवळ आली असेल तर तीही बाजूला जाते, ते मात्र तुम्हाला आधी सांगितलेलं असतं.

एखादी सापडलीच नाही तर अर्धा तास शोधा, खड्डे, ओढा, दलदल, कुंपणाच्या कडा, आणि मग फोन करा. दुपारपर्यंत एकट्यानं शोधत बसू नका.

आता बघणं

आधी लांबून, निदान दहा मिनिटं, त्यांना तुमची दखल घ्यायला न लावता. कोण चरतेय, कोण रवंथ करतेय, कोण नुसती उभी आहे. रवंथ करणारी, कान हलवणारी, शेपटीनं माश्या हाकणारी गाय बहुतेक बरी असते. बसलेल्यांपैकी कुणी मान वळवून कुशीवर टेकवून बराच वेळ बसली असेल तर नोंद घ्या.

मग हळूहळू जवळ, सरळ रेषेत न जाता तिरकं, बोलत बोलत. मी मराठीतच बोलते त्यांच्याशी, आवाज शांत असला की झालं. गाईला दोन्ही बाजूंचं भरपूर दिसतं पण थेट मागचं दिसत नाही, म्हणून मागून जायचं नाही. पंधरावीस मीटरवर थांबा. ती मान वर करून तुमच्याकडे बघायला लागली की तिथंच थांबायचं, पाऊल उचलून निघाली तर तुम्ही जास्तच जवळ आलात, मागे सरका. हात लावायचा नाही, खाऊ घालायचं नाही. खाऊ घातलेली गाय मग पिकनिकच्या पिशव्यांत तोंड घालते. गाय आणि वासराच्या मध्ये कधीही जायचं नाही, आणि तुमच्या मागे कुंपण, पुढं कळप अशा जागी अडकायचं नाही.

प्रत्येक गाय नाकापासून शेपटीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. डोळे उघडे आणि स्वच्छ. नाकपुडी ओलसर, त्यातून घट्ट शेंबूड नको. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असतील तर लगेच फोन, त्याबद्दल पुढं लिहितेय. कान लोंबलेले नकोत, टॅग फाटून निघाला असेल तर जखमेत माश्या होतात. गळ्यातल्या पट्ट्याखाली केस गेलेत का, कातडी लाल झालीय का.

मग डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडामधला खळगा. खाल्लेल्या गाईची ती जागा थोडीशी भरलेली असते. खोल खड्डा पडलाय म्हणजे तिनं काल-परवापासून नीट खाल्लेलं नाही. ढोलासारखी फुगलीय आणि ती अस्वस्थ आहे, पुन्हापुन्हा ऊठबस करतेय, तर पोटफुगी, ती काही तासांत जीव घेते, मिनिटभरही थांबू नका.

श्वास घेताना भाता हलावा तशा कुशी हलतायत का, तेही गार सकाळी, शांत उभी असताना. अंगावरचे केस विस्कटलेले, निस्तेज, एका जागी घासून गेलेले. पाठीचा कणा आणि खुब्याची हाडं किती वर आलीत, यासाठी १ ते ५ चा शरीरस्थितीचा स्कोअर असतो, ट्रेनिंगमध्ये दाखवतात, आपण तो अंदाजे लिहायचा आणि मागच्या महिन्याशी ताडून बघायचा. कास आणि सड मागून दिसतात. जुलै ते सप्टेंबर भाकड गाई आणि कालवडींनाही माश्यांमुळे दगडी (कासेचा दाह) होते, एक सड सुजलेला, त्यावर माश्यांचं मोहोळ, मागचा पाय फाकवून चालणं.

पाय बघायला ती चालायला हवी. पाठ कमानीसारखी वर करून चालतेय, एका पायावर कमी भार देतेय, पावलागणिक डोकं खालीवर होतंय, तर लंगडतेय. कोणता पाय ते लिहा, पुढचा-मागचा, डावा-उजवा, आणि डावा-उजवा म्हणजे गाईचा, तुमचा नाही. पातळ शेण शेपटीला चिकटलंय का. लघवी करताना दिसली तर रंग बघा, कॉफीसारखा लालसर असेल तर गोचीड तापाची शंका, हीथवर गोचीड भरपूर असतात.

सगळं मिळून एका गाईला दीडदोन मिनिटं. सुरुवातीला पाच लागतील. लागू द्या.

ऋतूप्रमाणे

१ मार्च ते ३१ जुलै हा जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा काळ. गाय हेदरच्या मध्यभागी असेल तर शक्य तेवढं वाटेवरूनच दुर्बिणीनं बघा, आणि शिरावंच लागलं तर गुरांच्या पायवाटेनं जा. पायाखालून पक्षी उडाला की तिथंच थांबा आणि आल्या पावली मागे. अॅडर साप उन्हाला वाटेवर पडलेले असतात, विषारी आहेत पण पावलांचा कंप लागला की आपणहून जातात.

उन्हाळ्यात आग हा सगळ्यात मोठा धोका. ३० मे २०२० ला सरेमधल्याच थर्सली कॉमनला लागलेल्या आगीत जवळपास १५० हेक्टर हीथ जळालं, पिढ्यान् पिढ्यांचं हेदर होतं ते. धूर दिसला की आधी ९९९, मग ऑफिस, आणि आपण आग आणि धुरापासून लांब जात बाहेर. गाई हाकायला आत शिरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. कुठलं गेट कुठं उघडतं एवढं पाठ असेल तर तेच अग्निशमनवाल्यांच्या कामी येतं.

शरदात ओकच्या झाडाखाली पडलेले एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, गाईंनी फार खाल्ले तर मूत्रपिंडं बिघडतात, ज्या वर्षी बहर जास्त त्या वर्षी ओकखाली कोण रेंगाळतेय ते लिहायचं. रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं तण हिरवं असताना गाई शक्यतो टाळतात, उपटून वाळलेलं मात्र खातात आणि ते यकृताला विष आहे, म्हणून कुणी उपटून तिथंच टाकलं असेल तर कळवा.

माणसं आणि कुत्री

खरं तर निम्मी फेरी बोलण्यात जाते, आणि तेही कामच आहे. खुल्या प्रवेशाच्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या पट्ट्यावर ठेवायचा नियम आहे, आणि गुरांजवळ तर वर्षभर. पण नियमाची पाटी वाचून दाखवून कुणी ऐकत नाही. एक वयस्कर गृहस्थ रोज लॅब्रॅडॉर मोकळा सोडायचे. त्यांना मी विचारलं, "तुम्ही रोज येता, गाई आज कुठं बघितल्यात?" त्यांनी नेमकी जागा सांगितली. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. तिसऱ्या आठवड्यात मी कुत्र्याच्या विष्ठेबद्दल सांगितलं, की त्यातून निओस्पोरा नावाचा परजीवी गाईंपर्यंत जातो आणि त्यांचे गर्भ पडतात. त्यांना हे माहीतच नव्हतं. आता ते गाई दिसल्या की पट्टा लावतात, पिशवी घेऊन फिरतात आणि गेट उघडं दिसलं तर मला आधी त्यांच्याकडून कळतं.

हे मात्र सगळ्यांना सांगत राहा: गाई अंगावर धावून आल्या तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यायचा. गाई कुत्र्यामागे जातात, कुत्रा पळून सुटतो, धरून ठेवलं तर माणूस सापडतो.

काही बिघडलेलं दिसलं तर

उठता न येणारी गाय, दलदलीत रुतलेली, पोटफुगी, रक्तस्राव, अडलेलं वासरू, यासाठी ड्यूटी फोन लगेच. रस्त्यावर आलेली गुरं म्हणजे आधी ९९९, मग ड्यूटी फोन, आणि गाड्यांना हात करायला स्वतः रस्त्याच्या मध्ये उभं राहायचं नाही. दलदलीत तुम्ही उतरू नका. लंगडणं, डोळा, खोकला, सुजलेला सड यासाठी त्याच सकाळी फोन, मेसेजवर सोडू नका. केस गेलेत, पट्टा सैल झालाय, असलं रिपोर्टमध्ये चालेल.

फोनवर सांगायचं ते असं: टॅग नंबर, नेमकी जागा (नकाशाचा ग्रिड रेफरन्स किंवा व्हॉट थ्री वर्ड्स अॅपवरचे त्या जागेचे तीन शब्द), काय दिसतंय, कधीपासून दिसतंय, आणि जवळच्या गेटपर्यंत गाडी येते का. निदान करू नका. "न्यूमोनिया झालाय" ऐवजी "तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय, मान पुढं ताणलीय" असं सांगा, व्हेटला तेच हवं असतं.

लाळ, तोंडात फोड, एकदम बऱ्याच गाई लंगडणं, नाकाभोवती खपल्या, यात दोन मोठे आजार येऊ शकतात. एक लाळ्या-खुरकूत, तो २००१ मध्ये अख्ख्या देशात आणि २००७ मध्ये सरेमध्येच आला होता. दुसरा ब्लूटंग, बारीक चिलटांमुळे पसरतो, नोव्हेंबर २०२३ मध्ये केंटमध्ये सापडला आणि १ जुलै २०२५ पासून सगळ्या इंग्लंडला निर्बंध लागू झाले. हे सरकारला कळवायचेच आजार आहेत, ते मालक कळवतो, आपण ड्यूटी फोनवर तात्काळ सांगायचं, तिथंच थांबायचं, आणि सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कळपाकडे त्याच बुटांनी जायचं नाही.

रिपोर्ट

गाडीत बसल्या बसल्या टाका, घरी जाऊन नको, विसरतं. "सगळं ठीक" एवढंच लिहिलेल्या रिपोर्टचा पुढच्या माणसाला काही उपयोग नाही. माझा एक नमुना देते:

"रवि, ७.४० ते ९.२५. ११ पैकी ११, सगळे टॅग वाचले. उत्तरेच्या उंचवट्यावर, ८ चरत, ३ रवंथ. हौद भरलेला, व्हॉल्व तपासला. पश्चिमेच्या गेटची कडी अडकते, दोरीनं बांधलीय. ३१५ मागचा उजवा पाय किंचित जपून टाकतेय, सपाट जमिनीवर कळत नाही, उतारावर कळतं, फोन केला ८.५०, व्हिडिओ पाठवला. बाकीच्यांचे डोळे स्वच्छ."

घरी आल्यावर बूट ब्रशनं धुवा, कपडे सरळ मशिनमध्ये, आणि स्वतःच्या अंगावरचे गोचीड बघा, गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला. सापडला तर हुक कातडीलगत सरकवून काढा, तेल, साबण, काडीपेटी काही लावू नका. तारीख वहीत लिहा. नंतर त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा आला, बहुतेक वेळा एक ते चार आठवड्यांत येतो, तर जीपीला दाखवा आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगा, गोचिडांमुळे होणाऱ्या लाइम डिसीजला लवकर औषध लागतं.

आणि रिपोर्टच्या शेवटी, त्या ३१५ च्या दिवशी टाकली होती तशी, सोमवारच्या माणसासाठी एक ओळ: "उद्या ३१५ ला उतारावरून खाली येताना बघा."